एरंडेल, थिबा राजा आणि वेगवान मोटार

या व्याख्यानासाठी विषय विचारण्यात आला तेव्हा आम्ही ‘वेगवान मोटारींत कोणते तेल घालावे’ असे कागदावर लिहून दिले. कार्यवाह गृहस्थ जरा संकोचले. म्हणाले, “भाऊ, हा विषय गॅरेजातला. आपले श्रोते इतिहास ऐकावयास येतात.” आम्ही म्हटले, इतिहासच सांगणार आहोत, आणि तोही फार दूरचा नव्हे. एंजिनात पडणाऱ्या तेलाच्या कथेचा एक धागा भाट्याच्या खाडीकडे पाहत उभ्या असलेल्या थिबा राजाच्या वाड्यातून गेलेला आहे. सुटीच्या दिवशी त्या वाड्याशी मुंबई-पुण्याच्या दीडदोनशे अश्वशक्तीच्या मोटारी उभ्या राहतात. पाहुणे राजाची कथा ऐकतात, हळहळतात आणि परत जातात. आपल्या मोटारीच्या पोटातील तेलाचा या राजाशी काही संबंध असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. आमच्याही नव्हते.

हा प्रश्न आमच्याकडे आला तो एका भांडणाच्या रूपाने. २०१९ च्या मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली एक भारी मोटार आंबा घाट भरधाव चढून वर चहासाठी थांबली. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केली तेव्हा मागून निळा धूर निघू लागला. टर्बो गेला. दुरुस्तीचा अंदाज लाखाच्या पलीकडे. आठ दिवसांपूर्वीच तिचे तेल रत्नागिरीतील एका गॅरेजात बदलले होते, तेव्हा दोष तेलाचा, म्हणजे तेल घालणाऱ्याचा, असे ठरले. गॅरेजच्या मालकाने गिऱ्हाइकाची समजूत घातली आणि भरपाई मिस्त्रीच्या पगारातून कापण्यास आरंभ केला. मिस्त्री चोविसाच्या आतबाहेरचा, आठवी शिकलेला. संघटनेच्या कचेरीत येऊन तो एवढेच म्हणाला, “भाऊ, शेटच बोलले जाड टाक, घाटात पातळ तेल टिकत नाय. मी टाकलं.” मोटारीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिले होते. घातले होते २०डब्ल्यू-५०. शेट म्हणाले, आम्ही असे बोललोच नाही. कागद कोणापाशीच नव्हता.

आमचे स्वतःचे शिक्षण मिस्त्रीपेक्षा फारसे अधिक नाही. पोटासाठी हाती पाना आला तो चौदाव्या वर्षी. पुढचे जे काही वाचन झाले ते येथील १८२८ सालच्या नगर वाचनालयाच्या बाकावर. त्या भांडणाने आम्हांस पुन्हा त्या बाकावर बसविले. दोष कोणाचा हे पुढे पाहू; पण वेग जास्त, उष्णता जास्त, म्हणून तेल जाड हवे, ही समजूत शेटच्या, मालकाच्या, मिस्त्रीच्या आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही डोक्यात इतकी घट्ट कशी बसली? लोकसमजूत सहसा हवेतून येत नाही. ती एके काळी खरी असते. काळ पुढे जातो आणि ती मागे राहते.

मोटारीच्या आधी गाडी होती, आणि गाडीच्या आसाला वंगण होते. घाटावरून माल घेऊन कोकणात उतरणाऱ्या बैलगाड्यांच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे; त्यात एरंडेलासारखे दाट, चिकट तेल भरलेले. लाकडी आस आणि लोखंडी आमण यांच्यामधली फट बोट जाईल एवढी नसली तरी ढिली खरीच. पातळ तेल तेथून गळून जाई. जे चिकटून राहील तेच वंगण, हा नियम गाडीवानाने स्वतःच्या कानाने तपासलेला होता. आस करकरला की वंगण संपले.

या एरंडेलानेच पुढे शर्यतीच्या मोटारी चालविल्या. चार्ल्स चीअर्स वेकफील्ड नावाच्या इंग्रजाने १८९९ मध्ये लंडनला वंगणतेलाची पेढी काढली. त्यापूर्वी तो व्हॅक्यूम ऑइल या अमेरिकन कंपनीत नोकरीस होता. आरंभी त्याचा माल आगगाड्यांसाठी व कारखान्यांसाठी असे. मग मोटार आली, विमान आले. दोन्हींची एंजिने पूर्वीच्या यंत्रांहून फार गरम आणि फार जलद. त्या काळचे खनिज वंगण तेथे तग धरीना. वेकफील्डच्या माणसांनी त्यात एरंडेल मिसळून पाहिले, आणि १९०९ मध्ये त्या तेलाला नाव दिले कॅस्ट्रोल. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात; नावातच त्याचे गोत्र आहे. आपल्या घरात मुलांना नाक दाबून पाजावयाचे औषध आणि इंग्लंडातील ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मैदानावरील दरवळ, ही एकाच बीची दोन रूपे.

एरंडेलात असे काय होते? त्याचे कण धातूला धरून राहतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले तरी मधला पातळ थर सहजी फाटत नाही. दुसरे, ते पेट्रोलमध्ये चटकन विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांचे एंजिन स्वतःच गरगर फिरणारे असे, आणि त्यात पेट्रोलची वाफ व तेल एकाच पोटातून जाई. खनिज तेल तेथे धुऊन निघाले असते. एरंडेल टिके, पण एकदा गेले की परत येत नसे, एंजिनातून तुषार होऊन बाहेर पडे, आणि वैमानिक तो धूर तासन्‌तास नाकातोंडाने घेत. त्यांच्या पोटाचे काय होई ते या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. युद्धाला एरंडी हवी झाली आणि एरंडी होती हिंदुस्थानात. दख्खनच्या आणि गुजराथच्या कोरडवाहू बांधावर, पाऊस ओढला तरी तग धरणारे ते झाड. ज्याने ते लावले त्याला आपले बी फ्रान्सच्या आकाशात जळते आहे याचा पत्ता नव्हता.

एरंडेलाचा दोषही मोठा होता. उष्णतेने ते हळूहळू राळेसारखे घट्ट होते. शर्यत संपली की ते काढून टाकावे लागे आणि एंजिन खोलून घासावे लागे. खनिज तेलात ते नीट मिसळतही नाही. म्हणजे हे शर्यतीचे तेल होते, रोजच्या वापराचे नव्हे. ज्याच्या पदरी घासणारे नोकर त्याचेच तेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आजच्या मापाने पाहिले तर उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर एरंडेलाचा दाटपणा साधारण ५० च्या वर्गात बसतो. शेटने मागितलेल्या डब्यावरचा दुसरा आकडाही ५० च होता. आम्हांस हा योगायोग वाटत नाही.

आता खनिज तेलाकडे, म्हणजे वाड्याकडे वळू. ब्रह्मदेशात इरावतीच्या काठी येनानजाउंग नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ दुर्गंधी पाण्याचा ओढा. तेथे शतकानुशतके हाताने विहिरी खणून तेल काढीत. काही ठराविक घराण्यांकडे त्या विहिरींचे वंशपरंपरा हक्क होते, आणि वर राजाचा मक्ता. माणसाला दोराने खाली सोडीत. विहिरीत वायू इतका कोंडलेला की खणणारा काही क्षणच टिके. मग वर ओढून दुसरा सोडीत. काठावर बसून दोर धरणाऱ्या माणसाच्या हातात खालच्याचा जीव असे. आम्ही मिरकरवाड्यावर होडीच्या एंजिनाखाली वाकून काम करणारी माणसे पाहिली आहेत. तेलाच्या वासाने डोके भणभणणे काय असते ते आम्हांस ठाऊक आहे. पण दोराला लोंबकळून नव्हे.

१८७८ मध्ये थिबा या देशाच्या गादीवर आला. १८८५ मध्ये सागवानाच्या व्यवहारावरून त्याच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड केला. ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत उभी राहिलेली. दंडाचे निमित्त इंग्रजांना पुरले. नोव्हेंबरात फौज इरावतीतून वर गेली, पंधरवड्यात मंडाले पडले, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. राजाला प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. त्याच १८८६ साली स्कॉटलंडात बर्मा ऑइल कंपनी नोंदली गेली. युद्ध तेलासाठी झाले असे आम्ही म्हणत नाही. सागवान, फ्रेंचांची धास्ती, व्यापाऱ्यांची घाई, सारेच त्यात होते. पण विहिरींचा मक्तेदार राजा एका बोटीने पश्चिमेकडे निघाला आणि त्याच वर्षी मक्ता घेणारी कंपनी जन्मली, ही तारखांची जुळणी डोळ्यांआड करता येत नाही. यांत्रिक बोअर आले, रंगूनजवळ शुद्धीकरणाचे कारखाने चालू झाले, आणि ब्रह्मदेशचे घासलेट हिंदुस्थानच्या घराघरांत पोहोचले. थिबा रत्नागिरीत तीस वर्षे राहिला. नवा वाडा त्याला १९१० मध्ये मिळाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याची समाधी येथे आहे, आणि त्याच्या रक्ताची माणसे या गावात मराठी बोलत वाढली.

विहिरीवरच्या माणसांचे पुढे काय झाले हे आम्हांस राजाच्या हकिकतीहून अधिक जवळचे वाटते. १९३८ मध्ये तेलक्षेत्रांतील कामगारांनी संप केला. तो चिघळला. ३० नोव्हेंबर रोजी ते चाउकहून रंगूनकडे पायी निघाले, शेकडो मैल. वाटेत पुढाऱ्यांना पकडले, तरी पायी चालणारे थांबले नाहीत. त्यांना पाठिंबा देण्यासाठी २० डिसेंबरला रंगूनमध्ये विद्यार्थी जमले. पोलिसांच्या माराने आउंग जॉ नावाचा विद्यार्थी मेला. ब्रह्मी लोकांच्या स्वातंत्र्यलढ्यात हे साल फार मोठे मानतात. आमच्या संघटनेच्या कचेरीत मोर्चांची छायाचित्रे पुष्कळ आहेत, त्यांत या मोर्चाचे एखादे हवे होते, असे मनात येऊन जाते. १९४२ च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेने येनानजाउंगच्या विहिरी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केल्या, आणि १९६३ मध्ये ब्रह्मदेशाच्या सरकारने उरलेला कारभार ताब्यात घेतला.

ब्रह्मदेश हातचा गेलेल्या बर्मा ऑइल कंपनीने दुसरा धंदा शोधला. १९६६ मध्ये तिने कॅस्ट्रोल विकत घेतली. थिबाच्या विहिरींवर वाढलेली कंपनी आणि एरंडेलाच्या नावाची कंपनी एका घरात नांदू लागली. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, कॅस्ट्रोलने जीटीएक्स नावाचे तेल बाजारात आणले आणि हौशी, वेगाने हाकणाऱ्या मोटारवाल्यांनी ते उचलून धरले. त्याचा आकडा होता २०डब्ल्यू-५०. म्हणजे शेटची समजूत त्या वर्षी अगदी अद्ययावत होती!

हे आकडे काय आहेत? आरंभी तेलाची परीक्षा बोटांवर होई. आम्हांस उस्तादाने शिकविली तीही तशीच. पाकाची तार पाहावी तसे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तेल ताणून पाहावयाचे. व्हॅक्यूम ऑइल कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत एक तक्ताच काढला: अमुक मोटारीला उन्हाळ्यात मोबिलऑइल ‘ए’, तमुक मोटारीला ‘बी’. निवड मिस्त्रीच्या बोटांवरून भिंतीवरच्या कागदावर गेली ती प्रथम तेथे. मग अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलाविषयीचे पहिले नियम केले, आणि विसाच्या दशकात दाटपणाचे आकडे आले. हल्लीच्या आकड्यांत ‘डब्ल्यू’ च्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा, नंतरचा शंभर अंशांवरील दाटपणाचा. रत्नागिरीत बर्फ पडत नाही, मग पहिला आकडा आपल्या काय कामाचा, असे आम्हीही विचारीत असू. पण सकाळी चावी फिरविल्यावर तेल खालच्या टाकीतून वरच्या कॅमपर्यंत पोहोचेतो जो वेळ जातो त्यात सर्वांत अधिक झीज होते. पहिला आकडा लहान असेल तर आपल्या पंचवीस अंशांतही तेल लवकर पोहोचते.

आमच्या उस्तादाची बोटे खोटी नव्हती. तो फियाट-पद्मिनी आणि जुन्या ट्रकांवर वाढला. त्या एंजिनांतील फटी सैल, घासलेल्या. जाड तेलाने आवाज बसे, दाब सुधारे. आजच्या जोरदार एंजिनात दंडाच्या बेअरिंगमधील फट केसाच्या जाडीहूनही कमी. तेलाने तेथे नुसते चिकटून भागत नाही. त्याने भराभर वाहून उष्णता घेऊन जावयाची असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलावरच तरंगतो. जाड तेल तेथे उशिरा आणि कमी पोहोचते. घाट चढून आल्यावर लालबुंद टर्बो एकदम बंद केला की आत अडकलेले तेल तेथेच जळून कोळसा होते; मिनिट-दोन मिनिटे एंजिन संथ चालू ठेवावे. आंब्याच्या चहाच्या टपरीवर नेमके हे झाले नव्हते. टर्बो जाड तेलाने गेला की घाईने, हे कोणी शपथेवर सांगू शकत नव्हते. आमच्या मते दोन्ही मिळून.

१९७४ मध्ये अमेरिकेत मोबिल १ हे कृत्रिम तेल आले ते ५डब्ल्यू-२० होते. पातळ! त्याच्या टिकाऊपणाचे मर्म जाडीत नव्हते, रेणूंच्या एकसारखेपणात होते. शर्यतीच्या तेलांत एस्टर जातीची कृत्रिम द्रव्ये वापरतात, आणि येथे एरंडी पुन्हा पुढच्या दाराने आत येते: एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल करतात, आणि त्याची एस्टरे जेट विमानांच्या पहिल्या पिढीच्या तेलांत होती. राळ होण्याचा दोष गेला, धातूला धरण्याचा गुण राहिला. एरंडीच्या पिकात आजही भारताचा वाटा जगात सर्वांत मोठा आहे.

मग शर्यतीचेच तेल आणून घालावे काय? हौशी तरुण आम्हांस हे हमखास विचारतात. शर्यतीचे तेल काही तासांत बदलावयाचे असते. त्यात मळ धरून ठेवणारी द्रव्ये कमी आणि झीज थांबविणारी जस्त-फॉस्फरसची संयुगे पुष्कळदा अधिक. हा फॉस्फरस धुराड्यातील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राला निकामी करतो. लहान टर्बो एंजिनांत दुसरीच भानगड निघाली: तेलातील कॅल्शियमच्या द्रव्यांमुळे कमी फेऱ्यांवर पेट्रोल अवेळी पेटून पिस्टन फुटू लागले. त्यावर २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही प्रमाणे आली. ही अक्षरे डब्याच्या पाठीमागे बारीक छापलेली असतात, आणि किंमत पुढे मोठी. १९९० नंतरच्या दशकात परदेशी नावांची रीघ लागली तेव्हापासून दुकानातील फळी इतकी भरली की आकडा, अक्षर आणि मोटार कंपनीची मान्यता हे तिन्ही पुस्तकाशी ताडून पाहिल्याखेरीज डबा उघडू नये, असे आम्ही आमच्या सभासदांस सांगतो. झाकणाचे सील पाहावे. रिकामे डबे भंगारात देण्यापूर्वी भोसकावे, नाही तर तेच डबे भरून परत येतात. काळे ऑइल दाराच्या चौकटींना वाळवीसाठी फासण्याची आपल्याकडची चालही सोडावी. ते विहिरीच्या पाण्यात उतरते.

त्या मिस्त्रीचे तीन महिन्यांचे पगार कापले गेले होते. आम्ही दोन बैठका घेतल्या. मोटारीचे पुस्तक टेबलावर उघडून ठेवले. मालक म्हणाले, पुस्तक तुमच्या पोराने वाचावयास हवे होते. आम्ही विचारले, ते इंग्रजीत आहे. तुम्ही वाचले होते का? ते काही बोलले नाहीत. निम्मी रक्कम परत मिळाली, निम्मी बुडाली. हा विजय आहे असे आम्ही त्या वेळीही म्हटले नाही. त्यानंतर आमच्या सभासदांनी एक करून घेतले: तेल बदलण्याच्या चिठ्ठीवर दोन रकाने. एकात पुस्तकातील आकडा, दुसऱ्यात प्रत्यक्ष घातलेला. दोन्ही जुळले नाहीत तर खाली गिऱ्हाइकाची सही. काही मालकांनी कुरकुर केली. सही मागितल्यावर जाड तेलाचा हट्ट धरणारे गिऱ्हाईक बहुधा पुस्तकाकडे वळते, असा अनुभव आल्यावर ती थांबली.

मिस्त्रीने आता कुवारबावला स्वतःचे लहानसे गॅरेज टाकले आहे. गेल्या महिन्यात आम्ही तेथे गेलो होतो तेव्हा पुण्याची एक मोटार आत होती आणि तिचे धनी सांगत होते की घाटातून जावयाचे आहे, जरा जाडच घाला. मिस्त्रीने हात पुसले, मोटारीच्या कप्प्यातून पुस्तक काढले आणि बोट ठेवून त्यांना पान दाखविले. मग चिठ्ठी पुढे केली.